अपेक्षा ठेवली, मग फर्म्यावर आकडा का नाही लिहिला?

ताई, तुमचा प्रश्न दोनदा वाचला. उत्तर लांबणार आहे, म्हणून आधी तो माझ्या शब्दांत सांगतो. नागपुरात सक्करदऱ्याला शाळेच्या गणवेशांचं तुमचं शिलाई युनिट आहे. सासूबाईंनी उभं केलं, आता तुम्ही सांभाळता. ऐन सीझनमध्ये कटिंग मास्टर गावाला गेला, तेव्हा तुम्ही एका नव्या, चुणचुणीत मुलीवर भरवसा टाकून शर्टांचा अख्खा लॉट तिच्या हाती दिला. तिनं फर्म्याच्या, म्हणजे कापड कापायच्या नमुन्याच्या, रेघेवरून बरोब्बर कापलं. पण त्या फर्म्यात शिलाईची माया, म्हणजे शिवणीसाठी सोडायचं जादा कापड, धरलेलीच नव्हती. मास्टर ती नजरेच्या अंदाजानं सोडतो. सगळे शर्ट मापाला लहान झाले, कापड वाया गेलं, शाळेकडून ऐकून घ्यावं लागलं. सासूबाई म्हणाल्या, "माणसाकडून जितकी कमी अपेक्षा ठेवशील, तितका कमी ताप." आता तुम्ही विचारता की लोकांकडून चांगल्याची अपेक्षा ठेवणं हा भाबडेपणाच का. आणि शेवटी जाता जाता हेही लिहिलंय की तुम्ही स्वतःकडून फार अपेक्षा ठेवता, बायकांची बिघडलेली शिलाई रात्री एकट्या बसून उसवता, परत शिवता. तर ही अपेक्षा तरी कमी करावी का?

हे जाता जाता लिहिलेलंच मला जास्त महत्त्वाचं वाटलं. पण त्याकडे नंतर येतो.

मी शिलाईतला नाही. हिंगणा एमआयडीसीतल्या मशीन शॉपमध्ये माझी उभी नोकरी झाली. आयटीआयमधून येणाऱ्या पोरांना आधी लेथवर, म्हणजे धातू कातायच्या यंत्रावर, पुढं संगणकावर चालणाऱ्या सीएनसी मशीनवर तयार करायचं हे माझं काम. निवृत्तीनंतरही छोटे वर्कशॉपवाले बोलावतात तेव्हा जातो. लोखंड वेगळं, कापड वेगळं. पण नवख्याच्या हाती महागाचा माल द्यायचा की नाही, हा पेच दोन्हीकडे सारखाच.

तर सरळ उत्तर असं की भाबडेपणा नाही. फक्त, त्या मुलीच्या बाबतीत तुम्ही जे केलं त्याला मी उदार अपेक्षा म्हणणार नाही, ती अर्धीच होती. तुम्ही तिला कापड दिलं, कात्री दिली, "तू करशील" असा धीर दिला. ज्या एका गोष्टीवर सगळं अवलंबून होतं, म्हणजे कॉलरला किती, बाजूला किती, तळाच्या दुमडीला किती माया सोडायची, ती मात्र दिली नाही. ती मास्टरच्या डोळ्यात राहिली आणि मास्टर गावाला गेला. हे तुमच्याकडेच होतं असं नाही. बहुतेक छोट्या कारखान्यांत सगळ्यांत मोलाचं माप कुणा एका जुन्या माणसाच्या डोक्यात असतं आणि कागदावर नसतं. पण यातून एक कसोटी हाताशी येते, आणि मला सांगायचं आहे ते एवढंच: आपण एखाद्याकडून किती मोठी अपेक्षा ठेवली हे आपल्या मनात बघून कळत नाही. त्याला काय काय दिलं, यावरून कळतं.

या विषयावर एक जुना, गाजलेला प्रयोग आहे. अमेरिकेतले मानसशास्त्रज्ञ रॉबर्ट रोझेन्थाल आणि शाळाप्रमुख लिनोर जेकबसन यांनी १९६४-६५ मध्ये कॅलिफोर्नियातल्या एका प्राथमिक शाळेत तो केला आणि १९६८ मध्ये प्रसिद्ध केला. शिक्षकांना सांगितलं की आम्ही चाचणी घेतली आहे, तुमच्या वर्गातली अमुक अमुक मुलं यंदा झपाट्यानं पुढं येतील. खरं तर ती नावं नुसती चिठ्ठ्या काढाव्यात तशी निवडली होती, साधारण पाचात एक. वर्षअखेरीस पुन्हा चाचणी घेतली तेव्हा पहिली-दुसरीतल्या त्या "निवडक" मुलांची प्रगती इतरांपेक्षा ठळक निघाली. वरच्या वर्गांत मात्र फारसा फरक दिसला नाही. व्याख्यानं देणारे लोक अर्धीच गोष्ट सांगतात, म्हणून उरलेली अर्धीही सांगतो. या प्रयोगावर पुष्कळ टीका झाली, चाचणीच्या दर्जावरही झाली. १९८४ मध्ये स्टीफन रॉडेनबुश यांनी असे अनेक प्रयोग एकत्र करून तपासले. त्यात दिसलं की जिथं शिक्षक मुलांना दोन आठवड्यांहून जास्त ओळखत होते, तिथं "ही मुलं हुशार आहेत" असं सांगून जवळजवळ काहीच फरक पडला नाही. शिक्षकांचं मत तोवर बनून गेलेलं होतं.

मला या टीकेतलाच भाग कामाचा वाटतो. नवा माणूस आल्यावर पहिल्या पंधरवड्यात आपण त्याच्यावर शिक्का मारून मोकळे होतो आणि मग कुणी काहीही सांगो, शिक्का पुसत नाही. म्हणून पहिल्या दोन आठवड्यांत मी कुणाही पोराबद्दल फोरमनशी चर्चा करत नसे. फोरमन विचारायचे, "कसं आहे पोट्टं?" मी म्हणायचो, "सध्या मशीन पुसते." एवढंच.

अपेक्षा समोरच्यापर्यंत पोचते कशी, याचं उत्तरही रोझेन्थाल यांनी पुढं चार भागांत दिलं: आपल्या वागण्यातली ऊब, शिकवण्यातला ऐवज, उत्तर द्यायला दिलेली संधी आणि चुकल्यावर दिलेली माहिती. हे वाचलं तेव्हा मला आमचं शॉप डोळ्यांसमोर आलं. सुपरवायझरला जो पोरगा आवडतो त्याच्या मशीनपाशी तो चार मिनिटं जास्त उभा राहतो. त्याला जॉबबरोबर, म्हणजे मशीनवर घडवायच्या तुकड्याबरोबर, ड्रॉइंगही देतो. "हा फीड (टूल सरकायचा वेग) का घेतला?" असं विचारतो आणि उत्तराची वाट बघतो. माप चुकलं तर किती चुकलं, कुठल्या बाजूनं, टूल झिजलं की ऑफसेट, म्हणजे मशीनला दिलेला टूलचा आकडा, चुकला, हे सांगतो. जो ढ वाटतो त्याला म्हणतो, "सोड, तुह्यानं होत नाही, मी करतो." मग त्याच्या वाट्याला कडेची खरखरीत धार घासून काढायचं आणि धातूचा कीस गोळा करायचं काम येतं. सहा महिन्यांनी पहिला तयार झालेला असतो, दुसरा तिथंच असतो, आणि सुपरवायझर छाती फुगवून म्हणतो, बघा, मी पहिल्याच दिवशी ओळखलं होतं!

एक उदाहरण सविस्तर देतो, कारण नुसतं "विश्वास ठेवा" म्हणून काही होत नाही.

उमरेडकडचा एक अप्रेंटिस होता. बोलायला कमी, हालचाल संथ. त्याच्याकडे एका जॉबचं बोरिंग, म्हणजे भोक आतून मापाला कातायचं काम, होतं: ४० मिलिमीटर व्यास, टॉलरन्स शून्य ते अधिक २५ मायक्रॉन. म्हणजे भोक ४० पेक्षा तसूभर लहान चालत नाही आणि मिलिमीटरच्या चाळिसाव्या भागाहून जास्त मोठंही चालत नाही. याचे बरेच नग तपासणीत लहान निघत. मशीनवर त्यानं स्वतः मोजलेलं माप वहीत बरोबर लिहिलेलं असे. फोरमनचा निष्कर्ष ठरलेला: पोट्टं न मोजता आकडे लिहून राहिलं. त्याले झाडायले लावा.

मी पोराला म्हटलं, "तुझा हात चुकत नाही आणि तू खोटं लिहीत नाहीस, असं धरून चालू. मग चूक कुठंतरी दुसरीकडे असली पाहिजे. ती तू शोधायची." त्याला काय द्यावं लागलं ते सांगतो. एक वेगळी वही, ज्यात प्रत्येक नगाची वेळ आणि माप लिहायचं. तपासणीच्या खोलीत जाण्याची परवानगी, जी अप्रेंटिसला सहसा नसते. आणि आठवडाभर त्याच्या मागं न लागण्याचं माझं वचन. ते पाळणं सगळ्यांत जड गेलं, कारण रिजेक्शनचा आकडा रोज माझ्या टेबलावर येत होता.

आठवडा व्हायच्या आतच तो वही घेऊन आला. "सर, चहा पिऊन आल्यावर जे माप घेतलं, ते सारे नग बरोबर निघून राहिले. लगेच मोजलेलेच लहान येतात." मशीनवरून नुकताच उतरलेला जॉब गरम असतो. ४० मिलिमीटरचं पोलादी भोक पंचवीस अंशांनी तापलं तर ११-१२ मायक्रॉननं फुगतं. हा गरम जॉब मोजायचा, माप आलं असं समजून काढायचा. तो तपासणीच्या वातानुकूलित खोलीत निवायचा आणि आकसायचा. चहाची सुटी मध्ये आली की जॉब मशीनवरच निवायचा, मग खरं माप दिसायचं आणि हा शेवटचा बारीक कट घ्यायचा. धातू गरम झाल्यावर प्रसरण पावतो हे आम्हा सगळ्यांना शाळेपासून पाठ. फोरमनलाही, मलाही. पण ते त्या मशीनवर, त्या जॉबला लावून बघायची गरज कुणालाच वाटली नव्हती, कारण पोट्टं ढ आहे हे कारण हाताशी तयार होतं. माणसाबद्दल वाईट मत असलं की चौकशी तिथंच थांबते, हा त्याचा सगळ्यांत महागडा तोटा. तुमच्याकडेही बघा: "नवी आहे, चुकली" म्हटलं की संपलं. "ती नीट कापते" असं धरलं की लगेच पुढचा प्रश्न येतो, मग कापड कमी का पडलं, आणि फर्म्यातली खोट सापडते.

इथं एक गोष्ट नीट ध्यानात घ्या. त्या सबंध आठवड्यात टॉलरन्स २५ मायक्रॉनच होता. नवखा आहे म्हणून ३५ चालवून घेऊ, असं मी म्हटलं नाही. उदारपणा माणसाबद्दलच्या मतात हवा, मापात नको. पुष्कळ भल्या मनाचे मालक इथं उलटं करतात. माप सैल सोडतात, "चालते न, बाई नवी आहे" म्हणतात, आणि मनात मात्र पक्कं धरून असतात की हिच्याकडून याहून चांगलं होणार नाही. कामगाराला ते बरोबर कळतं.

आपल्या भागातलं याचं सगळ्यांत मोठं उदाहरण चंद्रपूरच्या रस्त्यावर, वरोऱ्याजवळ आहे. तुम्ही कधीतरी गेला असालच आनंदवनला. १९५० च्या आसपासचा काळ आठवा: कुष्ठरोग्याकडून समाजाची अपेक्षा एवढीच की त्यानं गावाबाहेर राहावं आणि वाडगं पुढं करावं. बाबा आमट्यांनी त्यांच्याकडून विहीर खणण्याची, शेती पिकवण्याची, घरं बांधण्याची अपेक्षा ठेवली. पुढं त्याच माणसांच्या श्रमातून तिथं कॉलेजही उभं राहिलं. लोक याची गोष्ट करुणेची म्हणून सांगतात. मला ती कारखानदारीच्या नजरेनं दिसते. बाबा आधी कलकत्त्याला जाऊन कुष्ठरोगाच्या उपचाराचं शिक्षण घेऊन आले होते. म्हणजे काम मागण्याआधी औषध दिलं, जमीन दिली, अवजारं दिली आणि स्वतः त्या खडकाळ रानात कुटुंबासकट राहायला गेले. एवढं दिल्यावर मग मागितलं.

आणि याच्या बरोबर उलटं काय दिसतं तेही सांगतो. २०२५ च्या जुलैमध्ये आपल्या नागपूरच्या दिव्या देशमुखनं जॉर्जियातल्या बाटुमीला महिलांचा बुद्धिबळ विश्वचषक जिंकला. वय १९, मानांकन पंधरावं, अंतिम लढतीत समोर कोनेरू हंपी. तेव्हापासून धरमपेठेपासून नंदनवनपर्यंत कितीतरी घरांत आठ वर्षांच्या मुलांना ते नाव ऐकवलं जातं. "बघ, ती करू शकते तर तुला काय झालं?" याला मी वसुली म्हणतो. मुलाला काही द्यायचं नाही, त्याच्याजवळ बसायचं नाही, तो कुठं अडतो हे बघायचं नाही आणि निकाल तेवढा मागायचा. अपेक्षांचं ओझं म्हणून जे बदनाम झालंय ते बहुधा हेच. आकड्यानं मोठी, देण्यात कंजूष.

इथवरचं थोडक्यात: मत चांगलं धरा, माप सैल करू नका, आणि अपेक्षा जेवढी मोठी तेवढं आपलं देणं मोठं. आता हे युनिटमध्ये कसं बसवायचं ते बघू.

आमच्याकडे कुठलाही नवा लॉट लागला की पहिला नग बनवून थांबायचं. तो तपासणीला जातो, ओके होऊन परत येतो, मगच पुढचे नग. अनुभवी कारागीर असला तरी हेच. त्यामुळे नवख्यावर विश्वास ठेवणं परवडतं. चुकला तर एक नग जातो. तुम्ही त्या मुलीला थरावर थर टाकून अख्खा लॉट कापायला दिलात. त्याऐवजी एक शर्ट कापून, शिवून, मापाच्या मुलाला घालून बघितला असता तर विषय अर्ध्या दिवसात संपला असता. हे तिच्यावरच्या अविश्वासाचं लक्षण नाही, कारण नियम मास्टरलाही तोच. नियम फक्त नव्यांना लावला की तो अपमान होतो, म्हणून मास्टरपासूनच सुरुवात करा. तो कुरकुरेल. कुरकुरू द्या.

दुसरं, फर्म्यांवर मायेचे आकडे लिहून घ्या. मास्टर म्हणेल की हे सांगता येत नाही, हातात असतं. त्याचे कापलेले तुकडे घ्या, फर्मा वर ठेवा आणि टेपनं मोजा. चार वेळा मोजलं की आकडा निघतोच. हे काम त्याच मुलीला द्या. तिच्याइतकी ती माया कुणालाच कळणार नाही आता.

तिसरं, चूक परत करण्याची पद्धत. यावर एक छान अभ्यास आहे, डेव्हिड येगर आणि सहकाऱ्यांचा, २०१४ सालचा. अमेरिकेतल्या सातवीच्या मुलांचे निबंध शिक्षकांनी नेहमीसारखेच लाल शेरे मारून परत दिले. काहींच्या निबंधाला एक चिठ्ठी जोडली, तिचा आशय असा: हे शेरे मी मारतोय कारण माझी तुझ्याकडून मोठी अपेक्षा आहे आणि तू ती पुरी करशील हे मला ठाऊक आहे. उरलेल्यांच्या चिठ्ठीत नुसतं, अभिप्राय देत आहे, एवढंच होतं. निबंध सुधारून पुन्हा द्यायचा की नाही हे मुलांवर सोडलं. कृष्णवर्णीय मुलांमध्ये साधी चिठ्ठी मिळालेल्यांपैकी १७ टक्क्यांनी निबंध सुधारून दिला, अपेक्षेची चिठ्ठी मिळालेल्यांपैकी ७२ टक्क्यांनी; शाळेवर फारसा विश्वास नसलेल्यांत हा फरक जास्तच ठळक होता. शेरे तेवढेच, लाल शाई तीच. अभ्यास छोटा होता, त्यामुळे आकडे डोक्यावर घेऊन नाचू नका. पण रोजच्या कामात मला हेच दिसलंय. ज्याला आधीपासून वाटतं की "हे लोक आपल्याला कमीच समजतात", त्याला दुरुस्ती म्हणजे टोमणा वाटतो. त्याला कारण सांगावं लागतं. कॉलरचं टोक वाकडं आलं तर बाईला बोलावून टोक हातात धरून दाखवा, "हे इथून उसवा, टोकाशी दोन टाके आडवे घ्या आणि मग वळवा. तुमच्या हातून सरळ येते, म्हणून परत देऊन राहिले." एवढं पुरे. गोड बोलायची गरज नाही, पण नेमकं बोलायची आहे.

आणि आता तुमचं रात्रीचं शिवणकाम.

ताई, बायकांची वाकडी शिलाई तुम्ही रात्री गुपचूप उसवून शिवता तेव्हा त्यांना काय कळतं? एकतर कळतच नाही की चुकलं होतं, मग उद्या तीच शिलाई तशीच येते. किंवा कळतं, आणि त्या समजून जातात की मॅडमना आपल्याकडून नीट येईल असं वाटतच नाही. "सोड, तुह्यानं होत नाही" हेच ते, फक्त तुम्ही तोंडानं म्हणत नाही. म्हणून तुमच्या प्रश्नातलं हे वाक्य मला खटकलं. तुम्हाला वाटतं तुम्ही लोकांकडून जास्त अपेक्षा ठेवून फसलात. प्रत्यक्षात दिवसा तुम्ही त्यांच्याकडून कमी मागता आणि राहिलेलं सगळं रात्री स्वतःकडून वसूल करता. दोन प्रश्न नाहीतच, एकच आहे. स्वतःकडूनची अपेक्षा नुसती कमी करायला गेलात तर माल खराब जाईल. ती वाटून टाका.

स्वतःशी वागण्याबद्दलही तीच कसोटी लावा: अपेक्षा ठेवली तर दिलं काय? झोप दिली का? कटिंग शिकायला स्वतःला वेळ दिला का, की सासूबाईंना पाहून पाहून आलं म्हणून तेवढ्यावरच चालू आहे? अमेरिकेतल्या बर्कले विद्यापीठाच्या जुलियाना ब्राइन्स आणि सेरेना चेन यांनी २०१२ मध्ये विद्यार्थ्यांवर प्रयोग केला होता. अवघड शब्दचाचणीत आपटल्यावर ज्यांना स्वतःकडे जरा समजुतीनं बघायला सांगितलं, ते पुढच्या चाचणीसाठी इतरांपेक्षा जास्त वेळ अभ्यासाला बसले. स्वतःला सूट दिली की माणूस आळशी होतो, ही आपली पक्की समजूत. इथं उलटं झालं. मला त्यात नवल वाटत नाही. ज्या पोराला शिव्या बसणार हे ठाऊक असतं ते खराब नग ड्रममध्ये तळाशी लपवतं. ज्याला शिव्या नाही, प्रश्न बसणार असतो, तो नग घेऊन स्वतः येतो. आपण स्वतःच्या चुकाही असंच लपवतो, स्वतःपासूनच.

आता कुठं हे चालत नाही तेही सांगायला हवं. सुरक्षिततेत उदारपणा नाही. पॉवर प्रेसवर दोन्ही हातांनी दाबायची बटणं असतात. तिथं मी कुणाच्याही सावधपणावर विसंबत नाही, स्वतःच्याही नाही. तुमच्याकडे कटिंग मशीनचं पातं आणि उघडी वायर या दोन गोष्टी त्यात धरा. चोरी आणि दारू हे वेगळे विषय आहेत, त्यात अपेक्षा वाढवून सुधारणा झालेली मी क्वचित पाहिली. अचानक काम बिघडलं असेल तर आधी घरचं विचारा. कित्येकदा मूल आजारी असतं आणि बाई सांगत नाही.

हवामानही हिशेबात घ्या, हे आपल्या नागपुरात तर फारच. विदर्भातल्या शाळा उन्हामुळं उरलेल्या महाराष्ट्राच्या नंतर, जूनच्या शेवटाकडे उघडतात, म्हणजे तुमचा सगळा सीझन एप्रिल ते जून, ऐन भट्टीत. टिनाच्या शेडखाली, बाहेर पारा ४५ च्या वर असताना, दुपारी तीनला नेमक्या काजाची अपेक्षा ठेवणं आणि वाळ्याच्या कूलरला पाणी नसणं, हे दोन्ही एका वेळी चालत नाही. बारीक काम सकाळी सातला लावा, जाड सरळ शिलाई दुपारी. कुठल्याही समजावणीपेक्षा यानं जास्त फरक पडेल.

आणि पैशाचं. तुमच्या बायका नगावर काम करत असतील तर शिकण्यात गेलेला तास म्हणजे त्यांच्या घरातला भाजीचा पैसा. "नवीन शीक, पुढं तुझंच भलं होईल" हे नगावर काम करणाऱ्या बाईला सांगणं सोपं आहे, कारण त्याची किंमत तीच मोजते. शिकण्याच्या दिवसांची रोजी द्या. हे सगळं सीझनमध्ये करूही नका. दिवाळीनंतर हात मोकळे असतात, तेव्हा त्या मुलीला कटिंगला बसवा, जुन्या चादरींवर कापायला लावा. आणि वाया गेलेल्या कापडाचे पैसे तिच्या पगारातून कापले असतील तर परत करा, आणि केले हे सगळ्यांसमोर सांगा. नाहीतर तुमच्या युनिटमध्ये यापुढं नवं काम अंगावर घ्यायला कुणी हात वर करणार नाही.

किती दिवस थांबायचं, हे तुम्ही विचारलं नाही, पण पुढं विचाराल. मी चुका मोजत नाही, चुका बदलतात का ते बघतो. या महिन्यात माया चुकली, पुढच्या महिन्यात कापडाची सुलट-उलट चुकली, त्यापुढं थर सरकले, तर माणूस शिकतोय; थांबा. तीच चूक, दाखवून झाल्यावर, पहिला नग करून झाल्यावर, उन्हाचं आणि घरचं बघून झाल्यावरही तशीच येत राहिली, तर ते काम त्याचं नाही. काढून टाकण्याआधी चेकिंगला बसवून बघा. काहींचा हात मशीनवर बसत नाही, पण दुसऱ्याच्या शिलाईतला सुटलेला टाका त्यांना हातभर लांबून दिसतो. अशी माणसं आम्हाला तपासणीत फार उपयोगी पडली. तिथं हलवताना पगार मात्र तोच ठेवा, नाहीतर बाकीच्या बायका चेकिंगचं टेबल म्हणजे शिक्षा समजतील.